बत्तीस एचपीचा फायटर

कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात: कुणी तलवारबाज (फायटर), कुणी जादूगार (विझर्ड), कुणी पुजारी (क्लेरिक). प्रत्येकाच्या कागदावर एक आकडा असतो, एचपी, म्हणजे हिट पॉइंट. मार बसला की तो घटतो, उपचार झाले की भरतो, शून्यावर आला की पात्र कोसळतं. शस्त्रं, मंत्र, खजिने, राज्यं, सगळं या एका आकड्याच्या जिवावर चालतं. हा आकडा फासा टाकून ठरवावा की पुस्तकात दिलेला ठरावीक घ्यावा, यावर माझा थोरला भाऊ आणि माझी मुलगी यांच्यात जे बोलणं झालं ते इथे मांडते आहे. दोघांचीही बाजू भक्कम आहे. माझा कौलही मी देणार आहे.

आम्ही भिलाईच्या सेक्टर ६मध्ये राहतो. याच सेक्टरात कालीबाडी आहे आणि ‘या अल्लाह’ या अक्षरांच्या आकारात बांधलेली जामा मशीदही. १९५९मध्ये भिलाई स्टील प्लांटची पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली तेव्हापासून इथे मल्याळी, तेलुगू, बंगाली, पंजाबी, मराठी घरं शेजारी-शेजारी नांदत आली. त्यामुळे माझी मुलगी डीएम असते त्या टेबलावर खेळ हिंदीत चालतो, नियम इंग्रजी पुस्तकातले असतात आणि आनंदाचे उद्गार ज्याच्या-त्याच्या घरच्या भाषेत निघतात. भाऊ प्लांटमधून निवृत्त झाला आहे. त्याची नोकरी रुळांच्या चाचण्यांत गेली. या खेळाचं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे नाव त्याला माहीत नव्हतं, पण त्याने एक संध्याकाळ बाजूला बसून पूर्ण खेळ पाहिला, आणि मुलं घरी गेल्यावर पहिलाच प्रश्न नेमका विचारला.

मामा: ती नववीतली मुलगी शेवटी-शेवटी गप्प का झाली? तलवार तर चांगली चालवत होती.

भाची: तिचे एचपी कमी आहेत, मामा. बत्तीस. दुसरा फायटर आहे ना, तिच्याच लेव्हलचा, त्याचे बावन्न आहेत. म्हणून ती पुढे जायला घाबरते.

मामा: एकाच ग्रेडचा माल आणि एवढा फरक?

भाची: फासा तसा पडला. हिशेब सांगते. फायटरचा फासा दहा बाजूंचा. विझर्डचा सहाचा, क्लेरिकचा आठचा, बार्बेरियनचा बाराचा. पहिल्या लेव्हलला फाशाचा सगळ्यात मोठा आकडा पूर्ण मिळतो, म्हणजे फायटरला दहा. त्यात कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे पात्राच्या काटकपणाच्या आकड्याचा, बोनस मिळवायचा. कॉन्स्टिट्यूशनमधून दहा वजा करायचे, उरतील त्याचे निम्मे, अपूर्णांक आला तर खालचा. दोघांचंही कॉन्स्टिट्यूशन चौदा, म्हणून बोनस दोन. झाले बारा.

मामा: इथपर्यंत दोघं सारखे.

भाची: हो. पुढे प्रत्येक लेव्हलला फासा टाकायचा आणि त्यात परत दोन मिळवायचे. ते दोघं आता पाचव्या लेव्हलला आहेत, म्हणजे चार वेळा फासा. तिला पडले तीन, दोन, चार, तीन. फाशांचे बारा आणि बोनसचे आठ, वीस. वीस आणि पहिले बारा, बत्तीस. त्याला पडले नऊ, सात, दहा, सहा.

मामा: आणि फासा टाकलाच नाही तर?

भाची: तर पुस्तक दर लेव्हलला सरळ सहा देतं. बोनस धरून आठ. चार लेव्हलचे बत्तीस, अधिक बारा. चव्वेचाळीस.

मामा: दहा बाजूंच्या फाशाची सरासरी साडेपाच. मग सहा कसे?

भाची: साडेपाच वर नेऊन सहा केलेत. विझर्डला चार, क्लेरिकला पाच, बार्बेरियनला सात. न टाकणाऱ्याला अर्धा गुण जास्तच मिळतो. तरीसुद्धा आमच्याकडे सगळ्यांनी फासाच निवडला, मामा. मी कुणावर लादलेला नाही.

भावाने वर्तमानपत्राच्या कडेला आकडेमोड सुरू केली. दहा बाजूंचा फासा चार वेळा टाकला तर एकूण दहा हजार तऱ्हेने पडू शकतो. त्यातल्या किती तऱ्हांमध्ये बेरीज बारा किंवा त्याहून कमी येते, हे त्याने काढलं: चारशे पंच्याण्णव.

मामा: म्हणजे विसात एक. फार दुर्मीळ नाही. पाच जण असाच फासा टाकत असतील, तर त्यांच्यातला एखादा तरी इतका खाली जाण्याची शक्यता बावीस टक्के. तुझ्या टेबलावर जे झालं ते नशिबाचं आक्रीत नव्हे बेटा, तो या पद्धतीचा नेहमीचा माल आहे. दर चार-पाच टेबलांमागे एका टेबलावर अशी एक मुलगी गप्प बसणार.

भाची: आणि एखादा मुलगा बावन्न घेऊन खूश होणार. तेही विसात एकच ना?

मामा: तेही विसात एक.

इथे मला खेळाचा जुना इतिहास सांगितला पाहिजे, कारण पुढचा वाद त्यावरच उभा आहे. हा आकडा मुळात माणसाच्या देहासाठी जन्मलाच नव्हता. अमेरिकेत मिनेसोटात राहणारे डेव्ह आर्नेसन १९७०च्या सुमारास मित्रांबरोबर युद्धाचे खेळ खेळत. त्या खेळांत शिपाई एका घावात मरे, आणि शिपाई पुठ्ठ्याचा किंवा शिशाचा असल्याने कुणाला वाईट वाटत नसे. पण ‘ब्लॅकमूर’ नावाच्या त्यांच्या खेळात एका खेळाडूचं एकच पात्र असे. खेळाडूंचा त्या पात्रावर जीव जडला आणि एका फाशात ते मरावं हे कुणाला सोसेना. अमेरिकन यादवी युद्धातल्या लोखंडी पत्र्याने मढवलेल्या युद्धनौकांच्या खेळात किती गोळे बसल्यावर जहाज बुडेल याचा हिशेब असे. तिथून हिट पॉइंट आणि चिलखताचा आकडा उचलला, असं आर्नेसन यांनी पुढे सांगितलं. गॅरी गायगॅक्स यांच्याबरोबर १९७४ साली त्यांनी या खेळाचे नियम छापले, तेव्हा सगळ्यांचा फासा सहाचाच होता. फायटरला आठचा आणि जादूगाराला चारचा असा भेद पुढच्याच वर्षी ‘ग्रेहॉक’ पुरवणीत आला.

म्हणजे एचपीचा उगमच खेळाडूच्या जिव्हाळ्यात आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

भाची: मामा, तुम्ही त्याला रुळासारखं मोजताय. एचपी म्हणजे अंगातलं रक्त नाही. गायगॅक्सनी १९७९च्या डीएमच्या पुस्तकात स्वतःच उदाहरण दिलंय. दहाव्या लेव्हलचा फायटर, कॉन्स्टिट्यूशन अठरा, सरासरीने पंच्याण्णव एचपी. हा माणूस नवशिक्याच्या कितीतरी पट तलवारीचे वार अंगावर झेलतो का? नाही. जो वार नवशिक्याच्या काळजात घुसला असता तो याला ओरखडा काढून जातो. कारण त्याला चुकवता येतं, अनुभव आहे, दैवी कृपा आहे, आणि नशीब आहे. नशीबसुद्धा एचपीतच धरलंय! मग नशिबाचा आकडा नशिबाने ठरवला तर बिघडलं कुठे?

मामा: बिघडलं हे की नशीब दोनदा विचारलं. लढाईत तू किती वेळा फासा टाकतेस?

भाची: एका संध्याकाळी? मोजत नाही. खूप.

मामा: आज वाईट पडला तर थोड्या वेळाने चांगला पडतो. आणि वाईट पडला तरी ती मुलगी काहीतरी करू शकते: मागे सरेल, दाराआड लपेल, औषध पिईल. पण लेव्हल वाढताना टाकलेला फासा वर्षात दोन-चारदा येतो आणि जो पडला तो कागदावर बसून राहतो. त्याच्यावर तिच्याकडे इलाज काय?

भाची: धनुष्य घ्यायचं, मागे राहून लढायचं. कमी एचपीचा फायटर वेगळा खेळला की त्याची स्वतःची ओळख तयार होते. मी असे फायटर बघितलेत. सगळ्यांचे चव्वेचाळीस असतील तर सगळे एकसारखेच होतील.

मामा: तिला धनुष्य हवं होतं का? तिने ढाल-तलवार निवडली होती. वेगळेपण तिने निवडलं तर शोभतं.

माझी मुलगी क्षणभर थांबली आणि मग जे बोलली ते मला आई म्हणून आतपर्यंत लागलं.

भाची: मामा, या मुलांचा दिवस बघा. सकाळी शाळा, दुपारी कोचिंग, संध्याकाळी टेस्ट सिरीज. भिलाईत मूल आठवीत गेलं की त्याच्या नावापुढे रँक लागते. प्रत्येक आकडा त्यांनी कमावलेला किंवा गमावलेला असतो आणि प्रत्येकाचा जाब कुणीतरी विचारतं. या टेबलावर निदान एक आकडा असा आहे की तो कमी पडला तर त्यांची चूक नाही आणि जास्त पडला तर त्यांचा मोठेपणा नाही. लेव्हल वाढते तेव्हा सगळे उठून त्या एका फाशावर वाकतात. त्या वेळी कुणी कुणाचा प्रतिस्पर्धी नसतो. तुमचा ठरलेला सहा कागदावर लिहायला कुणी उठून उभं राहील का?

मामा: नाही राहणार. तू म्हणतेस ते मला मान्य आहे, आणि मी ते हलकं करत नाही. पण ज्या मुलीला दिवसभर कट-ऑफखाली राहण्याची भीती वाटते, तिला इथे येऊनही शेजारच्यापेक्षा वीस कमी घेऊन बसायचंय. तिची चूक नाही हे तू तिला सांगितलंस. तिला वाटलं का?

भाची: नाही. ती गप्पच होती.

मामा: आता माझ्या कामाचं सांगतो. ८८० ग्रेडचा रूळ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला किमान ८८० न्यूटन ताण सोसणारा. किमान, बेटा. सरासरी नव्हे. प्रत्येक हीटचं, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक घाण्याचं, पोलाद थोडं वेगळं निघतं, कुणी नऊशेवर जाईल, कुणी त्याच्याही वर. त्याची चिंता नाही. पण चार नमुने नऊशे वीसचे आणि एक आठशेचा, सरासरी आठशे शहाण्णव, म्हणून सगळा माल पास करा, असं कुणी म्हणत नाही. गाडी त्या आठशेवरूनही जाणार असते. खेळातही मी आधी सगळ्यात कमकुवत पात्राकडे बघेन. बाकीचे फरक असू देत.

भाची: पण इथे कुणी खरं मरत नाही.

मामा: तुझ्या त्या ओगर राक्षसाचा एक फटका किती लागतो?

भाची: दोन आठच्या फाशांची बेरीज अधिक चार. सरासरी तेरा.

मामा: तेराने भाग. बत्तीसवाली तिसऱ्या फटक्याला पडली. चव्वेचाळीसवाला चौथ्याला. आणि बावन्नवाला?

भाची: तेरा चोक बावन्न. चौथ्यालाच.

मामा: म्हणजे नशीबवानाला आठ गुण जास्त मिळून ओगरपुढे काहीच वाढलं नाही, आणि कमनशिबीची एक पूर्ण पाळी गेली. सगळे लढताहेत तेव्हा ती जमिनीवर पडून काय करते?

भाची: आपल्या पाळीला वीस बाजूंचा फासा टाकते. दहा किंवा जास्त पडला तर यश, कमी पडला तर अपयश. तीन यशं आधी आली तर जीव वाचला, तीन अपयशं आधी आली तर मेली. एक पडला तर दोन अपयशं धरतात. वीस पडला तर एक एचपी घेऊन उठते.

मामा: म्हणजे तलवार नाही, बोलणं नाही, फक्त वाट बघणं. ही शिक्षा कशाबद्दल? आणि तुझ्या ओगरचे एचपी तू फासा टाकून काढतेस का?

भाची: नाही. पुस्तकात छापलेत. एकोणसाठ.

मामा: एकोणसाठ आले कुठून?

पुस्तक समोरच होतं. मुलीने पान काढलं: दहाचे सात फासे अधिक एकवीस. सात साडेपाच साडेअडतीस, अधिक एकवीस, साडेएकोणसाठ. अर्धा सोडून एकोणसाठ. म्हणजे राक्षसाला सरासरी. डीएमला हवं तर फासे टाकायची मुभा आहे, पण धावत्या खेळात छापील आकडाच सोयीचा पडतो. भावाने यावर काहीही म्हटलं नाही. मला वाटतं त्या संध्याकाळचा सगळ्यात वजनदार मुद्दा हाच होता: जो राक्षस एका लढाईपुरता येतो त्याला आपण स्थिर आकडा देतो, आणि जे पात्र खेळाडू महिनोन्‌महिने जपतो त्याला फाशावर सोडतो.

मुलीने मात्र हार मानली नाही, आणि तिचा पुढचा प्रस्ताव पुष्कळ टेबलांवर चालणारा आहे.

भाची: मग असं करू. फासा टाकायचा, पण सहापेक्षा कमी पडला तर सहा घ्यायचे. तुमचं किमानही झालं आणि आमचा फासाही राहिला.

मामा: चांगलं वाटतंय. हिशेब करू. एक ते सहा काहीही पडलं तरी सहा. छत्तीस. सात, आठ, नऊ, दहा: चौतीस. सत्तर भागिले दहा. सरासरी सात. सात कुणाचे म्हणालीस?

भाची: बार्बेरियनचे.

मामा: म्हणजे तुझा फायटर बार्बेरियन झाला. आणि विझर्डला याच नियमाने?

भाची: चार, चार, चार, चार, पाच, सहा. सत्तावीस भागिले सहा, साडेचार. चाराऐवजी साडेचार. म्हणजे फायटरला लेव्हलमागे एक वाढला आणि विझर्डला अर्धाच. ज्याचा फासा मोठा त्याला जास्त फायदा.

मामा: किमान बांधलं की सरासरी वर सरकते. मग तुला ओगरही वाढवावे लागतील, नाहीतर कुणी पडणारच नाही.

भाची: बरं, मग एवढंच करते. एक पडला तर तो धरायचा नाही, परत टाकायचा. बस.

भावाने सवयीने हाही हिशेब मांडला आणि दोघंही कागदाकडे बघत राहिले. दहाच्या फाशातून एक काढला की उरतात दोन ते दहा, सरासरी सहा. सहाच्या फाशात दोन ते सहा, चार. आठच्यात पाच. बाराच्यात सात. पुस्तकाने दिलेले ठरलेले आकडे नेमके हेच आहेत, एकही सुटत नाही. पुस्तकाने साडेपाच वर नेऊन सहा केले, किंवा फाशातला एक पुसून टाकला, सरासरीच्या हिशेबात दोन्ही सारखंच. हे ध्यानात आल्यावर मुलीचा चेहरा उजळला, आणि भावाचाही.

भाची: म्हणजे आता फासा टाकणारा आणि न टाकणारा, दोघांची सरासरी एकच. कुणाचं नुकसान नाही.

मामा: सरासरीत नाही. पण दोन, दोन, दोन, दोन अजून पडू शकतात. अठ्ठावीसपर्यंत जाता येतं. मूळ दोष एकच आहे: या फाशाला दोन आणि दहा सारखेच प्रिय. तुझी आजी अष्टाचंगा खेळायची ते आठवतं? चार फोडलेले चिंचोके. एक उताणा तर एक, दोन तर दोन, तीन तर तीन, चारही उताणे तर चार, चारही पालथे तर आठ. निम्मे-निम्मे पडतात असं धर. सोळा तऱ्हांपैकी चौदात एक, दोन किंवा तीनच येतात. चार एकदा, आठ एकदा. सरासरी अडीच, म्हणजे चार बाजूंच्या फाशाइतकीच, पण आठ पडायची वाट बघण्यात सगळी दुपार जायची. फेकायची मजा हवी असेल तर एकाऐवजी दोन फासे घे. बार्बेरियनला सहाचे दोन. सरासरी सात, आणि टोकं दुर्मीळ. फायटरला चारचे दोन अधिक एक. सरासरी सहा, तीनच्या खाली जाणार नाही, नऊच्या वर जाणार नाही.

भाची: पण मग दहा कधीच पडणार नाही. दहा पडल्यावर ते जे ओरडतात ना, मामा, ते मला हवंय.

या ठिकाणी दोघं थांबले. एकमत झालं नाही. मुलीने आपल्या टेबलावर एक पडल्यास पुन्हा टाकण्याचा नियम घेतला, आणि ज्याला फासा नको त्याने कोणत्याही लेव्हलला मागचे सगळे फासे पुसून ठरलेला आकडा लावून घ्यावा, अशी सूटही ठेवली. एक चूकही त्या निमित्ताने सापडली: एका खेळाडूचं कॉन्स्टिट्यूशन मध्यंतरी चौदाचं सोळा झालं होतं. बोनस दोनाचा तीन झाला की तो मागच्या सगळ्या लेव्हलनाही लागतो, म्हणजे पाचव्या लेव्हलला पाच एचपी एकदम वाढतात. त्याने फक्त एकच वाढवला होता.

माझा कौल मामाच्या बाजूने आहे. फासा या खेळाचा प्राण आहे हे मला मान्य आहे, पण जिथे खेळाडूला फाशाला उत्तर देता येतं तिथे तो प्राण असतो. वार चुकला तर पुढची चाल आहे, सापळा दिसला नाही तर सोबती आहेत. एचपीच्या फाशाला उत्तर नाही. तो एकदा पडतो आणि त्यानंतरच्या प्रत्येक लढाईत खेळाडू कितीदा बोलणार आणि कितीदा जमिनीवर पडून वाट बघणार हे ठरवत राहतो. आर्नेसन यांच्या मित्रांना आपलं पात्र एका फाशात जाऊ नये असं वाटलं म्हणून हा आकडा आला. तोच आकडा एका फाशावर सोपवला तर तो आणण्यामागचं कारणच निसटतं.

टेबल चालवणाऱ्या सगळ्या मुला-मुलींना माझी विनंती आहे. पुस्तक दोन्ही वाटा देतं, तेव्हा कोणती घ्यायची ते पहिल्या दिवशी, पात्रं तयार होण्याआधी, सगळ्यांसमोर ठरवा. नव्याने खेळायला आलेल्याला ठरलेलाच आकडा द्या. आणि तुमच्या टेबलावर आज कुणी चव्वेचाळीसच्या जागी बत्तीस घेऊन बसलं असेल, तर पुढची लेव्हल येईपर्यंत थांबू नका. पुढच्या बैठकीच्या सुरुवातीलाच त्यांचा कागद मागून घ्या आणि तो आकडा बदला.